आंधळी ओइची: लुगडे नेसवलेला झातोइची की स्वतंत्र नायिका?

पडद्यामागे (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. शोचिकु या जपानी चित्रपटसंस्थेने काढलेली 'मेकुरा नो ओइची' ही चार चित्रपटांची मालिका मी गेल्या महिन्याभरात क्रमाने पाहिली. पहिले तीन भाग १९६९ या एकाच वर्षात आले आणि चौथा १९७० मध्ये. चारही भागांत योको मात्सुयामा नायिका आहे. पहिले दोन भाग सादात्सुगु मात्सुदा यांनी आणि पुढचे दोन हिरोकाझु इचिमुरा यांनी दिग्दर्शित केले आहेत. मूळ पात्र तेरुओ तानाशिता यांच्या चित्रकथेतले.

कथेचा पाया असा आहे. लहानग्या ओइचीला तिची आई सोडून जाते आणि त्याच वादळी रात्री विजेच्या लोळाने मुलीची दृष्टी जाते. मोठी झाल्यावर ती एका रोनिनकडून, म्हणजे धनी नसलेल्या सामुराईकडून, तलवार शिकते. पुढे लाल म्यानाची काठी-तलवार घेऊन ती गावोगाव फिरू लागते आणि डोक्यावर इनाम लागलेल्या गुंडांना लोळवते. तिसऱ्या भागात जबरदस्त स्फोटक दारूच्या गुप्त कृतीचे प्रकरण आहे आणि चौथ्यात खुद्द तिच्याच डोक्यावर इनाम लागते.

मला प्रश्न पडला तो असा. दाइएइ कंपनीच्या चित्रपटमालिकेतला आंधळा तलवारबाज 'झातोइची' १९६२ पासून चालू होता आणि शिन्तारो कात्सूने तो घरोघरी पोहोचवला होता. मग ओइची ही त्याच झातोइचीला लुगडे नेसवून उभी केलेली नक्कल म्हणायची की तिचे स्वतःचे काही आहे? माझे मत नकलेच्या बाजूला झुकते. झातोइचीचे आंधळेपण हे त्याच्या पोटापाण्याशी बांधलेले आहे. तो मालिश करतो, फाशांच्या अड्ड्यावर बसतो, लोक त्याला हिणवतात आणि त्या हिणवण्याचाच तो उपयोग करून घेतो. ओइचीला मात्र लेखकाने आंधळेपण दिले आणि आंधळ्या माणसाचा दिनक्रम द्यायला तो विसरला. ती कुठे राहते, काय खाते, कोणत्या आंधळ्या बायकांना ओळखते, हे चार चित्रपट पाहूनही माझ्या हाती लागले नाही.

ज्यांनी पाहिले आहेत त्यांनी आणि ज्यांनी पाहिलेले नाहीत त्यांनीही लिहावे.

चकली

ज्यांनी पाहिलेले नाहीत त्यांनाही आमंत्रण दिल्याबद्दल आभार. या संकेतस्थळावरचे बहुतेक प्रतिसाद त्याच गटातून येत असतात, फक्त आजवर कोणी ते असे उघडपणे मागितले नव्हते.

खडीसाखर

धागाकर्त्याशी असहमत. मी पहिला आणि चौथा भाग पाहिला आहे. झातोइचीच्या पहिल्या चित्रपटात तो का आंधळा झाला, याला फारसे महत्त्व नाही. तो तसा आहे, इतकेच. ओइचीच्या कथेत मात्र आईचे निघून जाणे आणि दृष्टी जाणे ही एकाच रात्रीची गोष्ट आहे. मुलीने आईला शेवटचे पाहिले आणि त्यानंतर काहीच पाहिले नाही. तलवारबाजीच्या पटात ही कल्पना मला फार जड वाटली, चांगल्या अर्थाने. शोचिकु ही मुळात कौटुंबिक चित्रपटांसाठी ओळखली जाणारी संस्था. दिग्दर्शक ओझूंचे बहुतेक चित्रपट तिथलेच. त्यामुळे तिथल्या लोकांनी हाणामारीचा पट काढायचा ठरवले तरी त्यात आई आणि मूल आलेच. हे नक्कल करणाऱ्याचे लक्षण नव्हे, घराण्याचे वळण आहे.

सदाशिवपेठी_सेन्सेई

मी पुण्यात बरीच वर्षे जपानी शिकवतो, त्यामुळे नावांबद्दल थोडे लिहिण्याचा मोह आवरत नाही.

पहिल्या भागाच्या मूळ शीर्षकात 'माक्का ना नागारेदोरी' असे शब्द आहेत. अर्थ होतो 'लालभडक भटका पक्षी', म्हणजे थवा नसलेला आणि वाऱ्याबरोबर वाहत जाणारा पाखरू. हा चित्रपट परदेशी पाठवताना इंग्रजीत त्या पक्ष्याचे 'क्रिमझन बॅट', म्हणजे लाल वटवाघूळ झाले. इंग्रजीत आंधळ्या माणसाला वटवाघळाची उपमा देतात, म्हणून. मूळ जपानी नावात वटवाघूळ कुठेही नाही. आपल्याकडेही आंधळेपणाशी वटवाघळाचा संबंध कोणी लावत नाही. आपण त्याला फार तर उलटे टांगतो. शिवाय वटवाघूळ आंधळे नसतेच, त्याला डोळे असतात आणि ते पाहू शकते. एका मुलीच्या भटकेपणाचे नाव होते, ते पुसून तिच्या व्यंगाचे नाव दिले गेले. तिसऱ्या भागाच्या नावातला 'मिदारेगासा' म्हणजे विस्कटलेली गवती टोपी, हाही प्रवासी माणसाचाच शब्द आहे.

आता 'इची'. एदो काळातल्या (सतरावे ते एकोणिसावे शतक) जपानमध्ये आंधळ्या पुरुषांची 'तोदोझा' नावाची मान्यताप्राप्त श्रेणी होती. त्यात केंग्यो, बेत्तो, कोतो आणि झातो असे चढउताराचे हुद्दे होते आणि झातो हा त्यांतला सर्वांत खालचा. वीणेसारखे बिवा वाजवून हेइके घराण्याची कथा गाणाऱ्या एका परंपरेतले लोक नावात 'इची' लावीत. म्हणजे 'झातोइची' या नावात त्या माणसाचा हुद्दा आणि परंपरा दोन्ही आहेत; 'हवालदार शिंदे' म्हणावे तसे. ही श्रेणी फक्त पुरुषांची होती. 'ओइची' मध्ये पुढचा 'ओ' हा त्या काळी बायकांच्या नावाला लावायचा आदराचा उपसर्ग आहे, पण मागचा 'इची' कोणत्या हक्काने आला? धागाकर्त्यांच्या मताला या नावातच आधार सापडतो. नाव उसने घेतले, हुद्दा तिला मिळणे शक्य नव्हते.

खडीसाखर

सेन्सेई, पक्ष्याचा मुद्दा माझ्या बाजूचा आहे आणि 'इची'चा विरुद्ध बाजूचा. एकाच प्रतिसादात दोन्ही दगडांवर पाय ठेवलात.

सदाशिवपेठी_सेन्सेई

शिक्षकाने उत्तरपत्रिका तपासावी, बाजू घेऊ नये.

नाना_मुलुंड

मी फिल्म सोसायटीच्या जमान्यातला माणूस. झातोइची आम्ही फार उशिरा पाहिला, ओइची तर कधीच नाही. या धाग्यामुळे पहिला भाग काल रात्री पाहिला. जाणकारांनी बाजाराची बाजू सोडली आहे, ती मांडतो.

जपानमध्ये १९५८ साली सुमारे ११२ कोटी तिकिटे खपली होती. १९७० पर्यंत तो आकडा सुमारे २५ कोटींवर आला, कारण घराघरांत दूरचित्रवाणी पोहोचली होती. अशा वेळी प्रत्येक संस्था एखादे चालणारे पात्र शोधत होती आणि सापडले की त्याचे लागोपाठ भाग काढत होती. दाइएइकडे झातोइची होता. तोएइने १९६८ मध्ये जुन्को फुजीला घेऊन 'हिबोतान बाकुतो' ही जुगारी बाईची मालिका सुरू केली. खांद्यावर लाल पिओनी फुलाचे गोंदण असलेली ती ओर्यू इतकी लोकप्रिय झाली की १९७२ पर्यंत आठ भाग निघाले. आता हिशेब मांडा: एका संस्थेचा आंधळा तलवारबाज, दुसऱ्या संस्थेची लाल फुलाची शस्त्रधारी बाई आणि १९६९ मध्ये तिसऱ्या संस्थेची लाल काठीवाली आंधळी तलवारबाज बाई. तेव्हा ओइची ही एकट्या झातोइचीची नक्कल नाही, ती दोन नकलांचे लग्न लावून दिलेले अपत्य आहे.

गंमत अशी की त्याच १९६९ मध्ये त्याच शोचिकुने योजी यामादांचा 'तोरा-सान' सुरू केला. सामान विकत फिरणारा, प्रत्येक भागात कोणाच्या तरी प्रेमात पडून हात हलवत परतणारा साधा माणूस. त्या मालिकेचे कियोशी आत्सुमीच्या हयातीत ४८ भाग झाले. ओइचीचे चार. एकाच अंगणातली दोन रोपे, एकाचा वड झाला.

चकली

नाना, म्हणजे तलवार हातात असलेल्या बाईपेक्षा प्रेमभंग झालेला फेरीवाला प्रेक्षकांना जास्त आपला वाटला. त्यात आश्चर्य करण्यासारखे काही नाही. आपल्यापैकी प्रेमभंग झालेले किती आणि तलवार चालवणारे किती, याची इथेच मोजणी करून पाहावी.

लाकडी_तलवार

मोजणीत मला धरावे, दुसऱ्या गटात. मी आठ वर्षे लाकडी तलवारीने सराव करतो आहे.

काठी-तलवारीला जपानीत शिकोमिझुए म्हणतात. तिचे पाते सहसा सरळ असते आणि मुठीपाशी हाताच्या रक्षणासाठी असणारी चकती तिला नसते, कारण चकती असेल तर ती काठी दिसणार नाही. याचा अर्थ समोरच्याची तलवार पात्यावरून घसरत आली तर थेट बोटांवर येते. म्हणून अशा शस्त्राने वार अडवत बसणे शहाणपणाचे नाही. एका हालचालीत उपसून, वार करून, बाजूला व्हायचे. झातोइची आणि ओइची तलवार उलट्या मुठीने धरतात, म्हणजे पाते करंगळीच्या बाजूने बाहेर येते. दिसायला ते झकास दिसते, पण त्यात हाताची पल्ला कमी होते. ते उपयोगी पडते फक्त समोरचा अगदी अंगाशी आल्यावर. आंधळ्या माणसाच्या दृष्टीने याला एक तर्क आहे: जो लांब आहे तो कळत नाही, जो श्वास ऐकू येईल इतका जवळ आला तो कळतो. पण दहा जणांच्या घोळक्याला ही पद्धत पुरणार नाही. चित्रपटात पुरते, कारण ते दहा जण रांगेत उभे राहिल्यासारखे एकेक करून येतात.

खडीसाखर

'हाताचा पल्ला'. पल्ला पुल्लिंगी आहे. तलवारीपेक्षा व्याकरणाचे वार इथे जास्त लागतात.

लाकडी_तलवार

मान्य. अडवण्यासाठी चकती नव्हती.

कानोसा

मी या संकेतस्थळावर वाचक म्हणून पाच वर्षे आहे, लिहितो क्वचित. मला जन्मापासून दिसत नाही. हा धागा मी पडदावाचक आज्ञावलीच्या मदतीने ऐकतो आहे. वरच्या चर्चेत एक गोष्ट कोणीच विचारलेली नाही, ती अशी की हे चित्रपट आमच्या कानाला कसे लागतात.

पहिली तक्रार शांततेची. आंधळा नायक लढण्यापूर्वी पडद्यावर सगळे चिडीचूप होते आणि मग तो एखादा बारीक आवाज टिपतो. आमच्यासाठी शांतता ही अडचण आहे, सोय नाही. जागेचा अंदाज आवाजानेच येतो. पाऊस पडू लागला की माझ्या अंगणाचा नकाशा मला मिळतो: पन्हळीखाली बादली, डावीकडे पत्रा, त्यापलीकडे तुळशीच्या वृंदावनावरचा ठक आवाज आणि समोर मोकळ्या मातीवरचा मऊ आवाज. पाऊस थांबला की अंगण नाहीसे होते. वारा मात्र शत्रू, कारण तो सगळ्या आवाजांवर एकच चादर ओढतो. मी दिग्दर्शक असतो तर ओइचीला पावसात लढवले असते आणि वाऱ्यात पळवले असते.

दुसरी गोष्ट काठीची. माझी पांढरी काठी हे माझे दोन पावले पुढे गेलेले बोट आहे. काठीतच तलवार लपवली असेल तर ती उपसण्याच्या क्षणी माणूस आपला डोळा हातातून सोडतो. लाकडी_तलवार यांना माझा प्रश्न आहे की त्या वेळी म्यानाचा तुकडा डाव्या हातात राहतो का? राहत असेल तर निदान जमीन चाचपता येईल.

तिसरी गोष्ट म्हणजे चूक. आपल्याकडे या कलेला शब्दवेध म्हणतात आणि आपल्या सर्वांना पाठ असलेली शब्दवेधाची गोष्ट ही चुकीची गोष्ट आहे. दशरथाने घड्यात पाणी भरण्याचा आवाज ऐकला, त्याला तो हत्ती वाटला आणि बाण आंधळ्या आईबापांच्या मुलाला लागला. वाल्मीकींना कळले होते की कान फसतो. चारही चित्रपट पाहिलेल्यांनी सांगावे: ओइचीचा वार कधी भलत्या माणसाला लागतो का?

पडद्यामागे

कानोसा, आपला प्रतिसाद मी दोनदा वाचला. नाही, लागत नाही. ती कधीच चुकत नाही, आणि हा प्रश्न मला स्वतःला सुचला नव्हता याची थोडी लाज वाटली.

झातोइचीच्या बाजूने एक गोष्ट सांगतो, कारण तिथे निदान चुकीचा विचार तरी आहे. १९६२ च्या पहिल्या चित्रपटात तो फाशांच्या अड्ड्यावर पेला हाती घेतो. खेळ साधा आहे: दोन फासे बांबूच्या पेल्यात घालून पेला उपडा ठेवायचा आणि बेरीज सम की विषम यावर पैसे लावायचे. तो पेला ठेवतो आणि फासे पेल्याच्या बाहेरच पडलेले सगळ्यांना दिसतात. आंधळ्याला कळले नाही असे समजून सगळे जण उघड्या फाशांवर भरभरून पैसे लावतात, कोणीही त्याला सांगत नाही. मग तो म्हणतो की बाहीतून हे दोन फासे निसटलेले दिसतात, ते बाजूला करतो आणि पेला उचलतो. आत खरे फासे वेगळेच दान घेऊन बसलेले असतात. मला झातोइचीत जे हवे ते सगळे या एका प्रसंगात आहे. तो इतरांच्या डोळ्यांचा आणि सचोटीचा जुगार खेळतो. ओइचीला असा एकही प्रसंग मिळालेला नाही.

लाकडी_तलवार

कानोसा, हो. म्यान डाव्या हातात ठेवता येते आणि ठेवावेच. त्याने वार अडवताही येतो. आपण म्हणता तसे त्याने जमीन चाचपत लढणारा आंधळा मी अजून कोणत्याही चित्रपटात पाहिलेला नाही. उद्या सरावात डोळ्यांना पट्टी बांधून करून बघतो.

चकली

घरातल्या कपबशा आधी उचलून ठेवा.

संध्याछाया

मला शीर्षकाबद्दल हरकत घ्यायची आहे. 'आंधळी' हा शब्द धाग्याच्या नावात असावा का? 'अंध' किंवा 'दृष्टिहीन' लिहिता आले असते.

सदाशिवपेठी_सेन्सेई

हरकत योग्य आहे आणि जपानमध्येही तीच आहे. मूळ नावातला 'मेकुरा' हा शब्द आज तिथे अवमानकारक मानला जातो आणि प्रसारमाध्यमे तो टाळतात. झातोइचीच्या संवादांत तर हा शब्द शिवीसारखा पदोपदी येतो. तेव्हा 'आंधळी' हे भाषांतर म्हणून अचूक आहे, शिष्टाचार म्हणून नाही.

कानोसा

माझ्यापुरते सांगतो, इतरांच्या वतीने नाही. 'आंधळा मागतो एक डोळा' ही म्हण मी स्वतः वापरतो आणि 'दिव्यांग' म्हटल्यावर मला माझ्या अंगातून प्रकाश निघत असल्याचा भास होतो. शब्दापेक्षा तो कोणाच्या तोंडी आहे हे महत्त्वाचे. अड्ड्यावरचा गुंड झातोइचीला 'आंधळ्या' म्हणतो तेव्हा ते तसेच ठेवावे. मवाळ केले तर त्याच्या पुढच्या पराभवातली मजा जाईल. पण एक पाहा. आंधळ्या पुरुषाला आपल्याकडे आदराने 'सूरदास' म्हणतात, गुलाबराव महाराजांना 'प्रज्ञाचक्षू' म्हटले गेले. बाईसाठी असे नाव कोणते? मला आठवले नाही. सेन्सेई म्हणाले ते 'इची'चे दुखणे आपल्याकडेही आहे.

संध्याछाया

हरकत मागे घेत नाही, पण पटले. गांधारी सुचली होती, मात्र तिने तर पट्टी स्वतःच बांधली होती.

हिमगाव

नमस्कार. मी नोकरीनिमित्त निईगाता प्रांतात राहतो, धागा उशिरा पाहिला. बायकांसाठी नाव नव्हते असे वर आले आहे, पण जपानमध्ये ते होते आणि ते मी राहतो त्याच भागातले आहे: गोझे.

गोझे म्हणजे शामिसेन हे तीन तारांचे वाद्य वाजवून गात गावोगाव फिरणाऱ्या आंधळ्या बायका. निईगाताचे जुने नाव एचिगो. तिथल्या ताकादा आणि नागाओका या दोन गावांत त्यांची मोठी घराणी होती. आंधळ्या मुलीला लहानपणीच गुरूकडे देत. त्या बहुधा तिघी-तिघींनी चालत. पुढे थोडेफार दिसणारी वाट दाखवायला, मागची तिच्या पाठीवरच्या गाठोड्यावर हात ठेवून आणि तिसरी दुसरीच्या गाठोड्यावर. वर्षातले बहुतेक दिवस रस्त्यावर. इथे हिवाळ्यात बर्फ माणसाच्या उंचीच्या वर साचते. सकाळी बसथांब्याकडे जाताना दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती असतात आणि आवाज जागच्या जागी शोषला जातो. डोळे शाबूत असूनही मला दिशा कळेनाशी होते. कानोसा यांनी वाऱ्याबद्दल लिहिले, बर्फ त्याहून वाईट असणार. त्या बर्फातून या बायका चालत.

शेवटच्या गोझेंपैकी हारु कोबायाशी यांचा जन्म १९०० चा. तान्हेपणीच दृष्टी गेली, पाचव्या वर्षी शिक्षण सुरू झाले. १९७८ मध्ये जपान सरकारने त्यांना जिवंत राष्ट्रीय ठेव्याचा मान दिला आणि २००५ मध्ये १०५ व्या वर्षी त्या गेल्या.

त्यांचे नियम कडक होते. पुरुषाशी संबंध आला की संघातून बाहेर. अशा बाहेर काढलेल्या बाईला 'हानारे गोझे' म्हणत, म्हणजे सुटी पडलेली, आणि तिला एकटीने फिरावे लागे. मासाहिरो शिनोदा यांनी १९७७ मध्ये यावरच 'हानारे गोझे ओरिन' काढला, त्यात शिमा इवाशिता आहे. म्हणून धागाकर्त्यांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे की ओइचीसाठी आयुष्य आयते तयार होते. एकटी भटकणारी आंधळी बाई म्हणजे खऱ्या इतिहासात हानारे गोझे. चित्रकथेच्या लेखकाने ते घेतले नाही, कारण त्याला शामिसेन नको होते, तलवार हवी होती.

खडीसाखर

हिमगाव, फार मोलाचा प्रतिसाद. माझा बालेकिल्ला ढासळतो आहे, तरी एक बुरूज लढवते. लेखकाने ओइचीला गोझे केले असते तर ती नियमांनी बांधलेली झाली असती. तिला कोणताही संघ नाही, गुरूची गादी नाही आणि कोणी बाहेर काढलेले नाही, म्हणून ती 'भटका पक्षी' आहे. १९६९ च्या प्रेक्षक बाईला ते मोकळेपण हवे असेल. इतिहासात नसलेली बाई पडद्यावर असू नये असा नियम केला तर पडदा फार रिकामा होईल.

नाना_मुलुंड

खडीसाखर यांचा बुरूज मजबूत आहे. मात्र त्यांनी २००८ चा 'इची' पाहावा. फुमिहिको सोरी दिग्दर्शक, हारुका आयासे नायिका. तिथे नायिकेला गोझेच केले आहे, शामिसेनसकट. संघातून बाहेर काढलेली, म्हणजे हिमगाव म्हणतात तीच हानारे गोझे. तिच्यासोबत एक सामुराई आहे, त्याला म्यानातून तलवार उपसताच येत नाही, कारण लहानपणी त्याच्या हातून तलवारीनेच त्याच्या आईची दृष्टी गेलेली असते. कानोसा विचारत होते ती चूक अखेर तिथे आहे, फक्त डोळस माणसाच्या वाट्याला.

आणि शोचिकुबद्दल एक. तोरा-सानवाले योजी यामादा यांनी २००६ मध्ये त्याच संस्थेसाठी 'बुशी नो इचिबुन' केला. सरदाराचे अन्न चाखून पाहणारा कनिष्ठ सामुराई शिंपल्यातल्या विषाने आंधळा होतो. त्याचा बराच वेळ घरात जातो: पेज कशी वाढायची, बायको कुठे उभी आहे, दिवस की रात्र. द्वंद्व होते ते अगदी शेवटी आणि एकच. धागाकर्त्यांना हवा असलेला दिनक्रम त्या संस्थेने दिला, पण ३७ वर्षांनी आणि पुरुषाला.

पडद्यामागे

नाना, हे शेवटचे वाक्य लागले.

सर्वांचे वाचून माझे मत थोडे हलले आहे. ओइची नक्कल आहे असे मी म्हणालो होतो. आता म्हणेन की ती अर्धवट सोडलेली कल्पना आहे. आईचा आणि विजेचा धागा खडीसाखर म्हणतात तसा तिचा स्वतःचा आहे आणि तो झातोइचीकडे नाही. पण पहिल्या भागानंतर पटकथाकारांनी तो धागा हातचा सोडला आणि दर भागात नवा खलनायक आणला. १९७१ मध्ये योको मात्सुयामालाच घेऊन दूरचित्रवाणी मालिकाही निघाली, म्हणजे पात्राला मागणी होती. तिचे पुढे तानाशितांशीच लग्न झाले हे कळल्यावर मला उगाच बरे वाटले. निदान चित्रकथाकाराला तरी ओइची मनापासून आवडली होती.

चकली

म्हणजे धाग्याचा निकाल: लुगडे तिचेच होते, शिवणकाम अर्धवट राहिले.

सदाशिवपेठी_सेन्सेई

लुगडे शिवत नाहीत.

लाकडी_तलवार

पट्टी बांधून सराव केला. म्यान डाव्या हातात धरून जमीन चाचपता येते, पण मग उजव्या हाताची लय बिघडते, कारण दोन हात दोन वेगळ्या गोष्टी ऐकत असतात. तिसऱ्या मिनिटाला मी भिंतीला वार केला. कानोसा, शब्दवेधातली चूक प्रत्यक्ष करून पाहिली. श्रावणबाळ म्हणून गिलावा गेला.

कानोसा

भिंतीबद्दल सहानुभूती.

काल रविवारी माझी बारा वर्षांची भाची घरी आली होती, तिला शेजारी बसवून मी ओइचीचा पहिला भाग लावला. जपानी कळत नाही, उपशीर्षके तीच वाचत होती आणि मधूनमधून पडद्यावरचे सांगत होती. सुरुवातीला तिचा उत्साह दांडगा होता: मामा, लाल काठी आहे, मामा, चार जण आले, एकाच्या गालावर व्रण आहे. लढाई सुरू झाल्यावर ती बोलायची बंद झाली. मला नुसते कापडाचे सळसळणे, पावलांचा घसरा आणि धातूचा आवाज येत होता, आणि कोण पडले ते कळेना. मी विचारले, 'अगं, सांग ना.' ती म्हणाली, 'थांब ना मामा, मी बघतेय.'

मग सगळे शांत झाले. बराच वेळ काहीच वाजेना. मी पुन्हा विचारले की आता काय चालले आहे. ती म्हणाली, 'काही नाही. सगळे पडलेत. ती एकटी उभी आहे आणि तिने मान थोडी वळवली आहे, तू दाराची बेल वाजल्यावर वळवतोस ना, तशी.'

दुसरा भाग पुढच्या रविवारी लावणार आहोत. बघताना बोलत राहायचे, अशी अट घातली आहे.